करवतीचं दुसरं टोक

१

त्या दुपारी ऊन होतं असं मला आठवतं. एल्डन म्हणायचा, धुकं होतं, हातभरावरचं दिसत नव्हतं. हे तो पुढे इतक्या वेळा म्हणाला की आता मला धुकंही आठवतं. दोन्ही एकाच वेळी असणं शक्य नाही हे कळतं, पण दोन्हींतलं एकही सोडवत नाही.

मी आयुष्यभर जुन्या ग्रीक पोथ्या ताडून पाहण्याचं काम केलं. एका पोथीवरून दुसरी उतरवलेली असेल तर त्या दोन साक्षी नव्हेत, एकच साक्ष, हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगायचो. एल्डनने आणि मी ती दुपार एकमेकांकडून इतकी उतरवून घेतली की आमची दोघांची मिळून आता अर्धीही साक्ष होत नाही. त्यातली एक पोथी तर मातीतच गेली.

तेव्हा मी सांगतो ते सावधपणे ऐका. यातली एकच गोष्ट मी नंतर स्वतः पडताळून पाहिली आहे. ती शेवटी येईल.

२

आमची टोळी निवृत्त लोकांची. अमेरिकेच्या वायव्येला, कॅस्केडच्या डोंगरातल्या सरकारी रानातून पायवाटा जातात. हिवाळ्यात त्यांच्यावर झाडं पडतात, पावसाने त्या वाहून जातात, आणि उन्हाळ्यात आम्ही त्या पुन्हा मोकळ्या करतो. फुकट. वनखात्याकडे पैसे नाहीत, माणसं नाहीत. वर्षाअखेर आभाराचं पत्र आणि कॉफीचा एक मग येतो. माझ्याकडे असे मग इतके झाले की मी त्यांत खिळे ठेवतो.

आतल्या रानात मोटारीची करवत चालवायला कायद्याने बंदी आहे. तिथे आम्ही दोन माणसांची जुनी करवत वापरतो: पुरुषभराहूनही लांब पातं, दोन टोकांना दोन लाकडी दांडे. तिचा नियम एकच. आपण फक्त ओढायचं, ढकलायचं कधीच नाही. ढकललं की पातं वाकतं आणि समोरचा शिव्या घालतो. आपण ओढायचं, मग हात सैल सोडायचा, आणि समोरचा ती आपल्या हातातून काढून घेतो. झाड जाड असलं की समोरचा दिसत नाही आणि बोलून दम घालवायचा नसतो. दोन हलके हिसके म्हणजे ‘मी तयार आहे’. बाकी सगळं हाताला कळतं. काही वर्षांनी या टोकाला डोळे मिटून उभं राहिलं तरी पलीकडे कोण आहे ते सांगता येतं.

एल्डन नूटसनचं औषधांचं दुकान होतं. त्याची ओढ आखूड आणि घाईची, गिऱ्हाईक ताटकळत असल्यासारखी. त्याची मुलगी मार्ना लांब ओढायची. लहानपणी सायकलवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. त्यामुळे ओढ संपताना ती क्षणभर अडखळायची आणि दांडा जरासा वर उचलला जायचा.

“मनगट खाली ठेव गं,” एल्डन ओरडायचा. “सूप ढवळतेयस का?”

“सूपच ढवळायचं असतं तर घरी आईजवळ नसते का थांबले? तिथे निदान कोणी ओरडत नाही.”

“तुझी आई ओरडत नाही? कुठल्या घरात वाढलीस तू?”

त्या दुपारच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबरात, ही मार्ना एकटी सॉरेल खोऱ्यात गेली. हिवाळ्याआधी वाटेची पाहणी करायची आणि वरच्या तळ्यापाशी मुक्काम करून परतायचं, असं आईला सांगून गेली. वादळ आलं. खोऱ्यात शेकडो झाडं पडली. तिची गाडी वाटेच्या तोंडाशी सापडली. ती सापडली नाही. लोकांनी तळं शोधलं, तळ्याभोवतालचे कडे शोधले, कुत्री आणली. पावसामुळे कुत्र्यांनाही माग लागला नाही. मग बर्फ पडला.

त्यानंतर वाट बंदच राहिली. आणि दुसऱ्या वसंतात खात्याच्या कचेरीतून एल्डनला बोलावणं आलं. मी सोबत गेलो. कोरिन पेल्टियर नावाची बाई होती, वाईट नव्हती. तिने आधी आम्हाला कॉफी दिली.

“एल्डन, तुम्ही समजून घ्या. शोध थांबल्यापासून त्या तळ्यापर्यंत एकही माणूस गेलेला नाही.”

“वाट बंद आहे म्हणून गेला नाही.”

“तेच म्हणते मी. ज्या वाटेवर कोणी जात नाही ती आम्ही नकाशावर ठेवू शकत नाही.”

“आणि नकाशावरून गेली की?”

“मग ते रानच. पाट्या काढून टाकतो आम्ही.”

“माझी मुलगी त्या रानात आहे, कोरिन.”

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, “या उन्हाळ्याअखेर तळ्यापर्यंत उघडून दाखवा. मी ठेवून घेईन. पण माझ्याकडे द्यायला माणसं नाहीत.”

बाहेर गाडीपाशी एल्डन मला म्हणाला, “शोधायला गेलेल्यांना कधी कोणी सापडत नाही, प्रोफेसर. लोक जायला लागले पाहिजेत. मग कोणीतरी एक दिवस लघवीला वाट सोडून आत शिरेल, आणि त्याला ती दिसेल. असंच सापडतात. इंगर म्हणते, पुरायला काहीतरी हवं. एखादं हाड चालेल म्हणते. हे असं बायकोच्या तोंडून ऐकायचं.”



३

उन्हाळाभर आम्ही कापत वर सरकलो. आधी टोळी मोठी होती. ऑगस्टपर्यंत ती गळत गेली. एकाचा गुडघा, एकाच्या नातीचं लग्न, एकाला सरळ कंटाळा आला आणि तो तसं म्हणाला, हा त्याचा प्रामाणिकपणा. सप्टेंबरात उरलो आम्ही दोघं आणि एक झाड.

त्याच्या पुढे तळ्यापर्यंत किरकोळ फांद्या होत्या, हे एल्डन आधीच चढून पाहून आला होता. हे एक कापलं की वाट मोकळी. डग्लस फर जातीचं सूचिपर्णी झाड होतं ते, इतकं जुनं आणि जाड की आडवं पडलेलं असूनही मला त्याच्यावरून पलीकडचं दिसत नव्हतं. त्या जागी पायवाट पावसाने खणली जाऊन एखाद्या चरासारखी खोल झाली होती. चराच्या दोन्ही काठांवर टेकून ते खोड आडवं बसलं होतं, झाकणासारखं. वरच्या अंगाला उपटलेली मुळं, खालच्या अंगाला ओढ्यापर्यंत फांद्यांचा आणि काट्यांचा गुंता. पलीकडे जायचं तर खोडात पाडलेल्या खाचांवर पाय ठेवून वरून चढून जायचं.

“दोन काप,” एल्डन म्हणाला. “एक वाटेच्या या कडेला, एक त्या कडेला. मधला तुकडा ओढ्याकडे ढकलायचा. दोन-तीन दिवस.”

“तेवढ्यात मी मरेन.”

“मग हळू ओढ. तशीही तू हळूच ओढतोस.”

पहिल्या दिवशी लाकडाचे ठोकळे रचून त्यांच्यावर उभं राहून आम्ही पहिला काप खोडाच्या मध्यापर्यंत आणला. चीर मिटू नये म्हणून तिच्या तोंडात पाचरी ठोकल्या. करवतीला उत्तम धार होती. लाकडाच्या लांब लांब शेवया बाहेर येत होत्या. एल्डनची तीच आखूड, चिडकी ओढ. संध्याकाळी माझे खांदे उचलत नव्हते, पण आम्ही दोघं आनंदात होतो, हे आज लिहिताना मला विचित्र वाटतं. राय धान्याच्या पावाबरोबर धुरी दिलेला मासा खाल्ला. एल्डनने पुढच्या वर्षी कोणाकोणाला तळ्यावर पाठवायचं त्यांची नावं घेतली. त्यात त्याचा दातांचा डॉक्टरसुद्धा होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठोकळे काढून जमिनीवर उभे राहिलो आणि उरलेलं खोड कापायला घेतलं. आता एल्डनचं डोकंही दिसत नव्हतं. दुपारी तो खोड चढून माझ्या बाजूला आला. करवत चिरेतच होती. आम्ही जेवलो. पाणी संपलं होतं.

“भरून आणतो,” तो म्हणाला. “तू आडवा हो. तुझं तोंड चीजसारखं दिसतंय.”

तो वाटेने खाली गेला. मी खोडाला पाठ लावून टोपी डोळ्यांवर ओढली. झोप लागली का? लागली असावी. कारण त्यानंतरची पहिली गोष्ट म्हणजे माझ्या डोक्याजवळ दांडा दोनदा हलला. दोन हलके हिसके. एल्डन परत येऊन, मला न उठवता, वरून चढून पलीकडे गेला असं मी धरून चाललो. त्याला माझी कीव आली असेल असंही वाटलं, आणि थोडी लाज वाटली. मी उठलो, दांडा धरला आणि ओढलं.

काम छान चाललं होतं. हे मला पक्कं आठवतं, कारण मी मनात म्हणालो की जेवणाने माणसात किती फरक पडतो. पलीकडची ओढ लांब झाली होती. मला घाई करावी लागत नव्हती. मी ओढायचो, हात सोडायचो, करवत जायची, पूर्ण जायची, मग टोकाला किंचित अडखळायची आणि दांडा जरासा वर उचलला जायचा.

एल्डन दमला आहे, असं मी स्वतःला सांगितलं. दमलेल्या माणसाचा हात जड होतो. जड झालेला हात खाली यायला हवा, वर जायला नको, हेही माझ्या लक्षात आलं. ते मी बाजूला ठेवलं आणि ओढत राहिलो.

“कोणाबरोबर कापतोयस?” एल्डन माझ्या मागून म्हणाला.

मी वळलो. तो पायवाटेवर उभा होता, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, विजारीचे गुडघे ओले.

माझ्या हातातून दांडा सावकाश निघून गेला.

५

मी बोलत सुटलो. मला तशी सवय आहे. खोडात ताण असतो, ते जसजसं बसतं तसतसं पातं आत खेचलं जाऊ शकतं. लांब पातं स्प्रिंगसारखं वागतं. शिवाय मी अर्धवट झोपेत होतो, मीच ढकलत असेन आणि मलाच ओढल्यासारखं वाटलं असेल. यातलं काहीही अशक्य नाही. आजही नाही.

एल्डनने सगळं ऐकून घेतलं.

“मग ओढ पुन्हा,” तो म्हणाला. “आणि हात काढून घे.”

मी ओढलं. दांडा छातीपर्यंत आला. मी दोन्ही तळवे उघडले आणि मागे सरकलो. दांडा क्षणभर तसाच राहिला. मग गेला. घाई न करता, पातं सरळ ठेवून, जसं शिकलेला माणूस नेतो तसा. शेवटी अडखळला, उचलला गेला आणि खोडाशी जाऊन थांबला. माझ्या पाळीची वाट बघत.

एल्डनने बाटल्या खाली ठेवल्या. एक कलंडली ती त्याने पुन्हा नीट उभी केली. बुचं घट्ट आहेत का पाहिलं.

“सरक,” तो म्हणाला.

त्याची पहिली ओढ नेहमीसारखी आखूड होती. पलीकडून ती नेली गेली. दुसरी लांब होती. तिसरी त्याहून लांब. इतकी वर्षं त्याच्याबरोबर कापत होतो, पण तो इतकं सावकाश कापू शकतो हे मला माहीत नव्हतं. शेवया त्याच्या बुटांवर पडत होत्या. कापतानाचा आवाज एकसारखा होता, दोन माणसांचा, आणि श्वासाचा आवाज फक्त एल्डनचा.

पाचरींनी उघडलेली चीर बोटभर रुंद होती. तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायचा, एक उभी रेघ. म्हणजे ऊन असलंच पाहिजे, नाही का? मी बाजूने पाहत होतो तेव्हा ती रेघ खालून विझत गेली. अगदी वरपर्यंत नाही. खाली बसलेलं माणूस जेवढं झाकेल तेवढीच.

एल्डनने हात न थांबवता मान वाकवून चिरेला डोळा लावला. बराच वेळ. मग रोजच्या आवाजात, किंचित चिडून, जसं तो तिच्याशी नेहमी बोलायचा तसं म्हणाला,

“मनगट दुखतंय का गं?”

मला उत्तर ऐकू आलं नाही. त्याला आलं असावं असं त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं. पण चेहरा वाचण्यात मी कधीच चांगला नव्हतो, माझी घटस्फोटित बायको याची ग्वाही देईल.

मी खोडावर चढलो. पलीकडे जाऊन पाहणं एवढं एकच शहाणपणाचं काम उरलं होतं. खाचांवर पाय देत माथ्यापर्यंत गेलो, आणि तिथून खाली पाहिलं. एल्डनने तेवढ्यात ओढणं थांबवलं होतं. पलीकडचा दांडा स्थिर होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. चरात कमरेएवढे नेचे माजले होते. दांड्याच्या खाली, खोडाच्या अगदी बुडाशी, त्यांतले काही चेपून आडवे झालेले होते. मी पाहत असताना त्यांतलं एक पान सावकाश उठलं. मग त्याच्या शेजारचं.

मी पलीकडे उतरलो नाही.

६

मी खाली आलो तेव्हा एल्डन जमिनीवर बसला होता. वरून पातं कुठवर पोचलंय ते मी पाहिलं होतं. खाली चार बोटं लाकूड उरलं होतं.

“संपवून टाकू,” मी म्हणालो. “दहा मिनिटांचं काम आहे. उद्या दुसरा काप. परवा वाट मोकळी.”

“आणि मग?”

“मग काय? तूच म्हणालास. लोक जातील.”

“आणि तिला कोण सापडेल, दातांच्या डॉक्टरला?” तो हसला. “ती इथे आहे, प्रोफेसर. लाकूड आहे तोवर करवत आहे, करवत आहे तोवर ती आहे. तुकडा पडला की ती काय धरून बसेल?”

“एल्डन, ती कापतेय. तिला हे कापून हवंय, नाहीतर ती कशाला—”

“तुला पोरं नाहीत.”

 त्याने उठून दांड्यावर हात ठेवला, ओढला नाही. पलीकडून एक हिसका आला, मग दुसरा. मी तयार आहे. थोड्या वेळाने पुन्हा दोन. त्याने हात काढला.

करवत आम्ही तिथेच सोडली. टोळीतली सर्वांत जुनी करवत होती ती. आम्ही सामान बांधून खाली निघालो. वळणापर्यंत मला मागून आवाज येत होता, किंवा येत नव्हता. एकच माणूस दोन माणसांची करवत ओढतो तेव्हा पातं थरथरतं आणि एक कण्हल्यासारखा सूर निघतो. एल्डन माझ्या पुढे चालत होता. तो वळला नाही, म्हणून मीही नाही.

७

कोरिनला एल्डनने सांगितलं की झाड फार मोठं आहे, आमच्याच्याने होत नाही. ती म्हणाली, तुम्ही प्रयत्न केलात हेच खूप आहे. त्या हिवाळ्यात पाट्या निघाल्या. पुढच्या नकाशावर सॉरेल खोऱ्यात ओढा तेवढा होता. वर्षाअखेर कॉफीचा मग आला.

एल्डन दर उन्हाळ्यात एकटा जायचा. मी एकदा विचारलं, “काय करतोस तिथे?”

“काही नाही. दांडा धरून बसतो.”

“आणि ती?”

“हिसके देते. हल्ली जोरात देते.” त्याला त्याचा अभिमान वाटत होता. “चिडकी आहे. माझ्यावर गेलीय.”

आम्ही याहून जास्त कधी बोललो नाही. ऊन होतं की धुकं एवढ्यावर मात्र वाद घालायचो. इंगरला त्याने काहीच सांगितलं नाही. चर्चच्या मागे तिने एक दगड बसवून घेतला होता, मार्नाचं नाव कोरलेला, खाली माती न उकरलेला. एल्डन वारला तेव्हा त्याला त्या दगडाशेजारी पुरलं. अंत्यविधीनंतर इंगरने मला बाजूला घेतलं.

“तुम्ही दोघं ते झाड का सोडून आलात?” तिने विचारलं. “तो म्हणायचा जमलं नाही. त्याला जमलं नाही असं मी आयुष्यात दुसरं काही ऐकलं नाही.”

“फार मोठं होतं,” मी म्हणालो.

नंतर काही वर्षांनी त्या खोऱ्याला आग लागली. आग विझल्यावर जमिनीची धूप किती होणार ते मोजायला माणसं पाठवली गेली. सबंध खोरं राख झालं होतं, वाट कुठे होती हेही त्यांना माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: त्या माणसांना राखेत माणसाची हाडं सापडली होती. इंगर तेव्हा एका वृद्धाश्रमात होती आणि बहुतेक दिवस मला एल्डन समजायची. म्हणून जिल्ह्याच्या शवचिकित्सकाकडे मीच गेलो.

ती एक तरुण, नेमकं बोलणारी बाई होती. मी तिला वाटेचा जुना नकाशा काढून दाखवला आणि कागदावर खोड, चर आणि आमचा काप काढला. तिने जळून उरलेल्या मुळांची जागा पाहिली, राखेत मिळालेल्या पात्याची जागा पाहिली, आणि हाडं मिळाली त्या जागी पेन्सिलने एक फुली मारली. उजवं मनगट फार पूर्वी मोडून वाकडं जुळलेलं होतं. मृत्यू त्या वादळातच, झाड अंगावर येऊन. ती पायवाटेवरच होती, परतीच्या दिशेने, चरात. शोधणारे लोक तिच्यावरूनच चढून तळ्याकडे गेले होते.

फुली आमच्या कापापासून हातभर अंतरावर होती, वाटेच्या आतल्या बाजूला. दुसरा काप तिच्या पलीकडे आला असता. ती त्या मधल्या तुकड्याखाली होती, जो आम्ही ओढ्याकडे ढकलणार होतो.